पाण्याखालची दरी

भंडारदऱ्याच्या तळ्यात पोहायला उतरलं की पायाखाली एक दरी असते. एके काळी तिथे भाताची खाचरं होती, बैलवाटा होत्या, आंब्या-उंबरांची झाडं होती आणि सगळ्यात तळाशी प्रवरेचं मूळ पात्र होतं. 1910 साली इंग्रज सरकारनं या दरीच्या तोंडाशी दगडी भिंत बांधायला घेतली. ते काम 16 वर्षं चाललं. 10 डिसेंबर 1926 रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. धरणाला विल्सनचं नाव लागलं, तळ्याला आर्थरचं. काठावरच्या गावांत मात्र ही नावं मी फारशी ऐकली नाहीत. तिथली माणसं नुसतं 'पाणी' म्हणतात. यंदा पाणी लवकर वर आलं, पाणी पार त्या खडकाच्या खाली गेलं, पाण्याच्या कडेनं जाऊ नका, चिखल आहे.

म्हणजे आपण ज्याला निसर्गाची करणी समजून बघायला जातो, ते तळं माणसानं केलेलं आहे आणि त्याचं वय 100 वर्षांच्या घरात आहे. त्याच तळ्याच्या वरच्या टोकाला रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे, ते 1000 वर्षांच्या घरात. भंडारदऱ्याला जाणारे बरेचजण तंबूत एक रात्र काढतात, पाण्यात डुंबतात आणि परतीच्या वाटेवर 'वेळ उरला तर' देऊळ बघतात. मला हे उलट्या बाजूनं करावंसं वाटतं. देऊळ, धरण आणि त्यामधली बुडालेली जमीन यांची ओळख झाली, की मग तंबूत झोपणं आणि पाण्यात उतरणं या दोन्ही गोष्टी निराळ्या होतात. निदान माझ्या बाबतीत तसं झालं.

घोटीहून निघालं की बारी लागतं. तिथून कळसूबाईची वाट वर जाते. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि माथ्यावर देवीचं एवढंसं देऊळ. वारंघुशीच्या फाट्यावरून वळून शेंडी गावात आलं की धरणाची भिंत दिसते. ती पहिल्यांदा नीट बघायची तर खालच्या अंगानं, बागेच्या बाजूनं बघावी. 82 मीटर उंचीचं दगडी बांधकाम डोळ्यांत एकदम मावत नाही. मोरीतून पाणी सोडलेलं असेल तर ते समोरच्या गोल खडकावर आपटून चहूबाजूंनी पसरतं, आणि लोक त्याला छत्री धबधबा म्हणतात. भिंतीमागे 11 टीएमसी पाणी राहतं. एक टीएमसी म्हणजे 2800 कोटी लिटरपेक्षाही जास्त, त्याची अकरा पट. हा आकडा मी पूर्वी वर्तमानपत्रात पावसाळ्यात रोज वाचायचे आणि विसरायचे. भिंतीच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर, आपल्या डोक्याच्या कितीतरी वर पलीकडे पाण्याची पातळी आहे हे लक्षात येतं, तेव्हा तो आकडा अंगावर येतो.

तळ्याला वळसा घालणारा रस्ता मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरला जातो आणि साम्रद, रतनवाडी, मुतखेलवरून पुन्हा शेंडीकडे येतो. आम्ही राहतो ते उत्तरेच्या काठावर. एका घरच्यांनी आपल्याच पडीक तुकड्यावर तंबूंची सोय केली आहे. तंबू त्यांचे, चूल त्यांची, शेणानं सारवलेलं अंगण त्यांचं. समोर पाणी, पाण्यापलीकडे रतनगड आणि त्याच्या बाजूला उभा असलेला खुट्टा नावाचा सुळका. घरचे म्हातारे गृहस्थ सगळ्यांचेच मामा आहेत, म्हणून माझेही. गेल्या हिवाळ्यात माझी भाची बरोबर होती. तिला अगदी पाण्याला लागून तंबू हवा होता, सकाळी चेन उघडली की समोर लाटा. मामांनी मान हलवली.

"तिथं नका लावू, ताई. पहाटं सगळं वलं व्हतं. वरल्या अंगाला लावा, त्या बांधापाशी."

"मामा, पण वर तर वारा लागेल ना?" भाचीनं विचारलं.

"वारा लागला तर कोरडं तरी ऱ्हाईल."

मामांचं म्हणणं पुरतं शास्त्रशुद्ध आहे. रात्री डोंगरउतारावरची हवा आधी गार होते, जड होते आणि उतारानं खाली सरकत तळ्याच्या काठाशी येऊन साचते. त्यात पाण्याच्या कडेची हवा आधीच दमट. त्यामुळे काठावरच्या तंबूचं कापड पहाटे पाणी गाळतं आणि वरच्या बांधाजवळचा तंबू त्यामानानं कोरडा राहतो. दुसरं म्हणजे हे धरण आहे. पाण्याची पातळी कुणाच्या तरी हुकमानं वर-खाली होते. काठावर जिथपर्यंत गवत संपून उघडी माती सुरू होते, तिथपर्यंत पाण्याची हद्द. त्या रेघेच्या आत सामान पसरायचं नाही, हा नियम आता मी कुठल्याही धरणाच्या काठावर पाळते.

थंडीत सूर्य मावळला की तासाभरात आकाश भरून येतं. कृत्तिका, रोहिणी, मृग आणि मृगाच्या मागून व्याध. व्याध पुरेसा वर चढला आणि वारा पडलेला असला की त्याची पाण्यात एक लांब थरथरती रेघ उमटते. त्या रात्री आम्ही चुलीपाशी बसलो होतो. मामी नागलीच्या भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थाळीतल्या पिठावर एका बोटाच्या जाडीएवढा उंच उचलला जाऊन पुन्हा पडत होता, आणि प्रत्येक थापेला भाकरी किंचित फिरत होती. पीठ सुटत नव्हतं, कडा फाटत नव्हती. भाचीनं दोनदा प्रयत्न करून पाहिला. तिच्या भाकरीचे तुकडे मामींनी न बोलता पुन्हा गोळ्यात मिसळले आणि मळायला घेतले. बरोबर पिठलं, मिरचीचा ठेचा आणि त्यांच्या खाचरातल्या काळभाताचा भात. त्या भाताला एक वेगळा रानवट वास आहे. अकोले तालुक्यातल्या घरांनी भाताची अशी जुनी वाणं आपल्या कणगीत जपली, म्हणून ती अजून ताटात येतात.

जेवण होत आलं आणि पाण्यापलीकडून गाणी सुरू झाली. दुसऱ्या काठावरच्या कुठल्याशा कॅम्पवर मोठे स्पीकर लावले होते. अंतर बरंच होतं, तरी शब्दन् शब्द कळत होता. याचंही कारण आहे. रात्री पाण्यालगत गार हवेचा थर असतो आणि त्यावर त्यामानानं उबदार हवा. अशा वेळी आवाज वर निघून जाण्याऐवजी खाली वाकतो आणि पाण्यावरून घसरत लांबवर जातो. दिवसा ज्या काठावरची हाक ऐकू येत नाही, तिथली कुजबुज रात्री येते. हे ठाऊक नसल्यामुळे स्पीकर लावणाऱ्याला वाटतं, आपण आपल्या जागेपुरते नाचतोय. प्रत्यक्षात तो तळ्याभोवतीच्या सगळ्या वाड्यांच्या अंगणात नाचत असतो. पहाटे उठून म्हशी सोडायच्या असलेल्या घरांच्या उशाशी, अभयारण्याच्या झाडांत बसलेल्या पाखरांच्या कानाशी. मामा नुसते म्हणाले, "शनवारचं असतंच." मला त्या 'असतंच'चा फार राग आला. मामांचा नाही, त्यांना हे सवयीचं करून टाकणाऱ्या आपल्यासारख्यांचा.

उजेडाचंही तसंच. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या वळिवाच्या आसपास, इथल्या सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर या झाडांवर काजवे येतात. एखादं झाड निवडून हजारो काजवे त्यावर बसतात आणि एका ताला­त उजळतात, विझतात. वर्षाचा बहुतेक काळ ते अळीच्या रूपात ओल्या मातीत, पाचोळ्यात असतात, गोगलगाई खाऊन वाढतात. पंख फुटल्यावर उरतात ते थोडे दिवस, आणि त्या दिवसांत नर-मादीला एकमेकांना शोधायचं साधन एकच, तो उजेड. तिथे आपण गाडीचे दिवे, डोक्याला बांधायचे टॉर्च आणि मोबाइलचे फ्लॅश घेऊन जातो. त्यांचं बोलणं आपण बुजवून टाकतो. वनखात्यानं वेळेची बंधनं घातली आहेत, गावातली पोरं वाटाडे म्हणून उभी राहतात, दिवे बंद करायला लावतात. ती पोरं ओरडतात तेव्हा त्यांचं ऐकावं.

आता पोहण्याबद्दल. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे.

मी पोहायला शिकले आजोळच्या विहिरीत. पाठीला वाळका भोपळा बांधून मामा वरून सोडायचा आणि खाली थोरला मावसभाऊ पाण्यात उभा असायचा. विहिरीला कड असते, पायऱ्या असतात, चार हात मारले की भिंत येते. भाची शिकली जलतरण तलावात. तिचे हात माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार पडतात. पण दोघींनाही धरणाचं पाणी नवं होतं, कारण या पाण्याला काठ असा एकच असतो, आपण उतरलो तो. बाकी सगळं लांब असतं आणि जवळ दिसतं. उघड्या पाण्यावर मधे झाड नाही, घर नाही, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकतो. पलीकडचा खडक 'इथेच' वाटतो आणि निम्म्यात पोचल्यावर तो तेवढाच लांब असतो.

धरणाच्या तळ्यांत माणसं बुडतात ती बहुधा याच गोष्टींमुळे. तळं नैसर्गिक असतं तेव्हा त्याचा काठ बरेचदा हळूहळू खोल होत जातो. धरणाचा काठ म्हणजे डोंगराचा उतार. गुडघाभर पाण्यात चाललेला माणूस पुढच्या पावलाला जुन्या बांधावरून खाली जातो. गाळात पाय रुततो. जुन्या झाडांचे बुंधे पाण्याच्या जरा खाली असतात आणि दिसत नाहीत. भिंतीच्या आणि मोरीच्या जवळ पाण्याची ओढ असते, तिथे पट्टीचा पोहणाराही हतबल होतो, म्हणून तिकडे उतरायचंच नाही, जलसंपदा खात्याच्या पाट्या तिथे उगाच नाहीत. शिवाय थंडी. हिवाळ्यात सकाळी एकदम सूर मारला तर पहिल्या मिनिटभरात श्वास आपोआप आत ओढला जातो, छाती आवळते, आणि नेमकं तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर संपलं. म्हणून पायरीपायरीनं उतरायचं, मान आणि मनगटं भिजवायची, श्वास ताब्यात आला की मगच अंग सोडायचं. दारू पिऊन उतरणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांचं काय होतं ते काठावरच्या गावांनी फार वेळा पाहिलं आहे.

आम्ही उतरतो ते मामांच्या धाकट्यानं दाखवलेल्या जागी. तिथे खडकाचा एक सपाट पट्टा पाण्यात तिरका जातो. तोही होडी घेऊन जवळ थांबतो. अंगात लाइफ जॅकेट किंवा कमरेला तरंगता फुगा, आणि पोहायचं ते काठाला समांतर, कधीही हात मारून खडकाला लागता येईल इतक्याच अंतरावर.

भाचीनं पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं आणि लगेच वर आली.

"मावशी, खाली काहीच नाहीये!"

तलावात तिला तळाची निळी फरशी आणि त्यावरची काळी पट्टी दिसायची सवय. इथे आधी पिवळसर हिरवं, मग गडद हिरवं, आणि मग नुसता काळोख. तिला भीती वाटली. मी तिला पाठीवर तरंगायला सांगितलं आणि तिच्या शेजारी तशीच पडून राहिले. डोळ्यांसमोर आकाश, कानांत पाणी. मग मी तिला सांगितलं की खाली 'काहीच नाही' असं नाही. खाली शेतं आहेत.

उन्हाळ्यात याच जागी मी एकटीनं उतरले होते. तेव्हा पाणी बरंच खाली गेलं होतं, आणि उन्हानं वरचा थर चांगला तापलेला होता. पोहताना सगळं उबदार लागतं. थांबून पाय खाली सोडले की पोटऱ्यांपर्यंत ऊब आणि घोट्यांना एकदम गार वेढा. तापलेलं पाणी हलकं, ते वर राहतं. गार पाणी जड, ते खाली बसतं. वारा जोरात सुटेपर्यंत दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. मला तो गार थर त्या दरीचा वाटला, जिथे शंभर वर्षांत ऊन पोचलेलं नाही. बाहेर आल्यावर काठाच्या उघड्या पडलेल्या चिखलात दगडांची एक ओळ दिसली. सरळ, मग किंचित वळलेली, मग पुन्हा सरळ. पाण्यानं माती धुऊन नेली होती पण दगड जागचे हलले नव्हते. मी उकिडवी बसून पाहिलं. मोठे दगड खाली, लहान त्यांच्या सांदीत, वरच्या बाजूनं चपटे. कुणीतरी हातानं रचलेले. खाचराचा बांध होता तो. मी त्या बांधावर पाय ठेवायला तयार झाले नाही, बाजूनं चिखलातून चढले.

मामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "व्हय. आज्याची व्हती खाली. तो सांगायचा, चांगली जमीन गेली, मुरमाड ऱ्हायली."

दरीतली सपाट, गाळाची, ओलीची जमीन पाण्याखाली आणि डोंगराच्या कडेची मुरमाड जमीन माणसांकडे, हा धरणांचा सगळीकडचाच हिशोब. पाणी जातं ते खाली. ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेचे उजवे-डावे कालवे निघतात, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडच्या रानांना आवर्तनं मिळतात. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि उसावर 1950 साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना. महाराष्ट्राच्या सहकाराचा इतिहास या तळ्यातून पाणी पिऊन वाढला आहे. मी त्याच्याकडे नुसत्या तक्रारीच्या सुरात बघू शकत नाही, कारण दुष्काळी नगर जिल्ह्यात त्या कालव्यांनी लाखो माणसांचं जगणं बदललं. तरी मे महिन्यात, समोर तळं चकाकत असताना, वरच्या वाडीतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चढण चढताना मी पाहिल्या आहेत. पावसाळ्यात कोसळणाऱ्या पावसानं आमच्या तंबूचे खांब वाकवले त्याच चढणीवर. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि काठावर राहणाऱ्या पाहुण्यानं दोन्ही बघितल्या पाहिजेत. आम्ही तिथे अंघोळीला बादलीभर पाणी मागत नाही, तळ्यात डुंबून आलो की तेवढं पुरतं. साबण मात्र पाण्यात न्यायचा नाही. भांडी पाण्यापासून लांब, राखेनं.

रतनवाडीला जायचे दोन मार्ग, रस्त्यानं किंवा होडीनं. होडीनं जावं. बुडालेल्या दरीच्या उगमाकडे जाण्याचा तो खरा रस्ता आहे. दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येत जातात, पाणी उथळ होत जातं, आणि ज्या ठिकाणी होडी थांबते तिथून थोडं चाललं की झाडीतून काळं शिखर वर येतं.

अमृतेश्वराच्या देवळाला सगळे सरसकट हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा तेराव्या शतकातल्या यादवांचा मंत्री. हे देऊळ त्याच्या आधीचं. परंपरा सांगते की शिलाहार राजा झंझ यानं गोदावरी आणि भीमा यांच्यामधल्या 12 नद्यांच्या उगमाशी 12 शिवालयं बांधली, त्यातलं प्रवरेच्या उगमाचं हे. झंझाचा काळ दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा. शिखराची घडण भूमिज पद्धतीची आहे, 1060 सालच्या अंबरनाथच्या देवळाच्या जातीची. चारी दिशांना वर जाणारे नक्षीचे पट्टे आणि त्यांच्यामधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा, वर जाताना आकारानं लहान होत गेलेल्या. देवळाला दोन्ही अंगांनी प्रवेश आहे. बाहेरच्या भिंतींवर माणसं, जोडपी, नर्तकी, वाद्यं. पावसानं काही चेहरे पुसले आहेत, तरी कमरेचा बाक, हाताची मुद्रा शाबूत आहे. इथे पाऊस किती आहे हे लक्षात घेतलं तर शाबूत राहिलेल्या प्रत्येक बोटाचं नवल वाटतं.

मी मात्र देवळापेक्षा जास्त वेळ पुष्करणीपाशी काढते. देवळाजवळच ती आहे, चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी. चारी बाजूंना कोनाडे, प्रत्येक कोनाड्यावर छोटं शिखर आणि आत मूर्ती, बऱ्याचशा विष्णूच्या. शिवाच्या अंगणात विष्णूचं तीर्थ. हिवाळ्यात सकाळी ऊन तिरकं आत येतं तेव्हा एका बाजूचे कोनाडे उजळतात आणि समोरच्या बाजूचे सावलीत राहतात. पायरीचा दगड मधोमध झिजून खोलगट झाला आहे, तिथे बोट ठेवलं तर आसपासच्या दगडापेक्षा गुळगुळीत लागतो. घागर भरायला उतरणाऱ्या पावलांनी तो तसा केला. धरण 11 टीएमसी पाणी धरतं आणि ते दूरच्या माणसाला देतं. ही पुष्करणी तळहाताएवढं पाणी धरते आणि त्यासाठी खाली उतरून यावं लागतं. पाणी साठवायच्या दोन रीती एकाच नदीवर, होडीनं गाठता येतील इतक्या अंतरावर. पहिलीला मी नाकारत नाही, पण दुसरी बघितल्याशिवाय पहिलीबद्दल बोलू नये असं मला वाटतं.

(या पाण्यात पोहायचं नाही, पाय बुडवून फोटोही काढायचे नाहीत. ती उतरायची जागा नव्हे. हे सांगावं लागतं.)

देवळामागे रतनगड उभा आहे, माथ्यावर ते प्रसिद्ध नेढं, कड्यातलं आरपार भोक. पेशवाई बुडाल्यावर या डोंगरांतले किल्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले. पिढ्यान्‌पिढ्या गडांची आणि घाटांची राखण करणाऱ्या महादेव कोळी माणसांची चाकरी, वतनं, मान सगळं गेलं, वर सावकारी आली. याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे त्याविरुद्ध उठले. वर्षानुवर्षं ते या रानांत इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. शेवटी पंढरपुरात पकडले गेले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. 1857 च्या 9 वर्षं आधीची ही गोष्ट. मी शाळेत असताना आमच्या पुस्तकात त्यांचं नाव आल्याचं मला आठवत नाही. भाचीला ते मामांच्या मुलानं सांगितलं, होडी वल्हवता वल्हवता, हातानं डोंगर दाखवत.

परतताना होडीत भाचीनं विचारलं, हे पाणी पुढे कुठे जातं. रंध्याच्या धबधब्यावरून खाली, निळवंड्याला, अकोल्याला, संगमनेरला. जोर्व्याला, जिथल्या मातीच्या भांड्यांवरून महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगातल्या एका अख्ख्या संस्कृतीला नाव मिळालं. दायमाबादला, जिथे 1974 साली काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी शिल्पं सापडली. मग ज्ञानदेवांचं नेवासं, आणि टोके गावापाशी गोदावरी. "म्हणजे आपण सगळ्यांच्या आधी यात पोहलो," ती म्हणाली. ते अगदी बरोबर नाही, रतनवाडीच्या म्हशी आपल्या आधी पोहतात.

10 डिसेंबर 2026 ही भिंतीच्या उद्घाटनाची शंभरी. समारंभ होतील, भिंतीवर दिवे लागतील, बांधकामाचं कौतुक होईल, आणि ते व्हायलाही हवं, कारण त्या काळात त्या दरीत तो दगड घडवून चढवणं सोपं नव्हतं. माझी एक मागणी आहे. बागेत किंवा शेंडीच्या धक्क्यावर एक दगड लावावा आणि त्यावर पाण्याखाली गेलेल्या जमिनींची नावं कोरावीत. सर्व्हे नंबर नव्हे, नावं. मामांना आज्यानं सांगितलेली अशी काही नावं अजून आठवतात: उंबराखालचं, वढ्याकडचं, देवाचं खाचर. मी ती वहीत लिहून घेतली आहेत आणि पांजऱ्याच्या, मुतखेलच्या म्हाताऱ्यांनाही विचारते आहे. मुतखेलच्या एका आजीबाईंनी परवा आणखी दोन सांगितली, आणि वर बजावलं की त्यातलं दुसरं त्यांच्या माहेरचं आहे, ते वेगळं लिही.